पोरकिडा

बायणाच्या शाळेत बोलावलं मला, चौथी ब.
फळ्यावर खडूने बर्फ काढलेला, खाली:
आमचे पाहुणे श्री. उल्हास च्यारी, दक्षिण ध्रुवावरून.
ध्रुव तिथूनही बराच लांब होता, बाळांनो.
मी स्वयंपाक करायचो,
तेवीस माणसांचा, चौदा महिने.

पहिलाच हात वर: पेंग्विन चावतो?
चावतो, म्हटलं.
खरं तर ते मी जहाजावरूनच पाहिले,
लांबच्या बर्फावर, पापडावर मिरी सांडावी तसे.
आमचं स्टेशन समुद्रापासून शंभर किलोमीटर आत,
दगड, वारा, गोठलेलं तळं.
पण मुलं बाकांमधून डुलत चालून दाखवत होती,
बाईसुद्धा हसत होत्या.
मऊ असतो? मऊही असतो.

सांगायचं होतं ते दुसरंच.

मार्चमध्ये शेवटचा पक्षी निघून गेला
की मागे आपणच.
माशी नाही, मुंगी नाही.
गुळाची ढेप उघडी ठेवा,
पंधरा दिवसांनी तशीच,
कुणी तिची चौकशी केलेली नाही.

जूनमध्ये, सूर्य उगवायचा बंद झाल्यावर कधीतरी,
सड्यावरून नेलेल्या उकड्या तांदळाच्या तिसऱ्या गोणीतलं
ताटभर निवडत होतो,
आणि एक दाणा चालायला लागला.
पोरकिडा.
एकच.

मी ओरडलो. डिझेलवाला वर्गीस पाना घेऊन धावला,
त्याला वाटलं आग.
मग सगळेच. एका ताटावर तेवीस डोकी.
डॉक्टर इमसोंगने भिंग आणलं.
लीडर म्हणाले, नियम आहे,
बाहेरचा जीव इथं चालत नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, मग आपण?
लीडरनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

गोळ्यांच्या डबीत ठेवला त्याला,
झाकणाला सुईने भोकं, आत सात दाणे.
रेडिओवाला जेवायला बसण्याआधी
डबी कानाला लावायचा
आणि मान हलवायचा, आहे म्हणून.

ऑगस्टात एके सकाळी नुसते दाणे,
त्यातल्या एकाला आरपार भोक.
झाकण कुणी उघडलं, विषय निघाला नाही.
त्या दिवशी लीडर म्हणाले, आज भात नको.

नोव्हेंबरात कचऱ्याचं पिंप ओढताना
टोपीवर काहीतरी आदळलं.
स्कुआ.
तपकिरी, घारीएवढी, चोच आकड्यासारखी.
वळून पुन्हा आली, थेट डोक्यावर.
खडकामागे अंडं असणार तिचं.
काठी उंच धरायची, मग ती काठीवर झडप घालते,
असं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं.
काठी हातात होती. मी ती उचलली नाही.
आठ महिन्यांत मला न ओळखणारं
पहिलंच कुणीतरी भेटलं होतं,
आणि ते माझ्यावर इतकं मनापासून चिडलेलं.
कपाळावरून ऊन ऊन ओघळ आला,
भुवईपाशी पोचून गोठला.
रजिस्टरात लिहिलं: पाय घसरला.

आता मे. सड्याची गच्ची, खाली बंदर,
कोळशाची पूड वाळत घातलेल्या चादरींवर.
शर्वाणीने तांदूळ उन्हाला टाकलेत वर्तमानपत्रावर
आणि पोरकिडे निघालेत सावलीकडे,
छोट्या जाहिरातींवरून, निविदांवरून,
एका मयताच्या फोटोवरून.
शंभर तरी असतील.
कुणी धावत येत नाही.

मी फोटो काढून वर्गीसला कोट्टयमला पाठवला.
लगेच उत्तर आलं:
यातला आपला कुठला?

केरसुणी हातात घेऊन मी बसून राहतो.
घारीची सावली तांदळावरून सरकते
आणि माझा हात आपोआप वर जातो, रिकामा.
जिन्यातून शर्वाणी विचारते,
कोणाक हात करता रे?